जुनी घड्याळे आणि मुंबईची वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आजोबांच्या काळातले टोल्याचे घड्याळ असणारे, जुन्या कागदपत्रांतल्या वेळा लावू पाहणारे आणि वेळ मोजण्याचा इतिहास समजून घ्यायची इच्छा असणारे, या तिघांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. यातली बरीचशी उत्तरे मुंबईच्या हवेला आणि मुंबईच्या रेखांशाला धरून आहेत.

घड्याळे येण्याआधी आपल्याकडे वेळ कशी मोजत?

दिवसा सावलीवरून आणि एरवी पाण्यावरून. तळाला बारीक भोक असलेले तांब्याचे वाटीसारखे पात्र पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायचे. ते हळूहळू भरून बुडाले की एक घटका, म्हणजे 24 मिनिटे झाली. अहोरात्रीच्या 60 घटका, घटकेची 60 पळे, आणि एक पळ म्हणजे 24 सेकंद. दोन घटकांचा एक मुहूर्त (48 मिनिटे), साडेसात घटकांचा एक प्रहर (3 तास). सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातले वर्णन नेमके हेच आहे: स्वच्छ पाण्यात दिवसरात्रीत 60 वेळा बुडते ते पात्र खरे.

पात्र बुडाले की पहारेकरी टांगलेल्या काशाच्या जाड तबकावर टोले द्यायचा. ही पद्धत हिंदुस्थानात रुळलेली पाहून बाबराने तिच्यात एक सुधारणा केली. घटकांचे टोले झाले की थोडे थांबून प्रहराचा आकडाही वाजवायचा, म्हणजे रात्री जाग आलेल्याला कितवा प्रहर चालू आहे तेही कळेल.

घटिकापात्र घरी करता येईल का?

येईल, आणि शाळेच्या प्रकल्पासाठी याहून चांगली गोष्ट नाही. 10-12 सेंटिमीटर व्यासाची पातळ तांब्याची किंवा स्टीलची वाटी घ्या. तळाच्या बरोबर मध्यभागी बारीक खिळ्याने किंवा ड्रिलने एक मिलिमीटरहून थोडे लहान भोक पाडा. वाटी पाण्यात आडवी न होता सरळ तरंगली पाहिजे, भोक बाजूला गेले तर ती कलते आणि अर्धवट भरूनच बुडते. मोबाइलवर वेळ लावून तीनदा मोजा. फार वेळ लागत असेल तर भोक किंचित मोठे करा किंवा वाटीच्या काठावर थोडे वजन वाढवा. फार लवकर बुडत असेल तर भोकाच्या कडा आतून हलक्या हाताने ठोकून ते आवळा.

24 मिनिटे जमलीच नाहीत तरी पात्र वाया जात नाही. भास्कराचार्यांनी याचा व्यवहारी तोडगा सांगून ठेवला आहे: पात्र दिवसरात्रीत किती वेळा बुडते ते मोजा आणि 60 घटकांना त्या आकड्याने भागा. तुमची वाटी 72 वेळा बुडत असेल तर ती 20 मिनिटांची, एवढेच.

तळाच्या भोकातून पाणी गळणाऱ्या भांड्यापेक्षा तरंगणारे पात्र चांगले, कारण गळत्या भांड्यात पातळी उतरत जाते तशी धार मंदावते. तरंगत्या वाटीत आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाटीच्या वजनावर ठरतो, त्यामुळे पाणी बऱ्यापैकी एकाच वेगाने आत येत राहते. चुकते ते दोन कारणांनी. भोकात क्षार किंवा हिरवट गंज साचतो, आणि थंड पाणी जास्त दाट असल्याने सावकाश शिरते. म्हणून मोजणी ताज्या, गाळलेल्या आणि खोलीच्या तापमानाच्या पाण्यात करा.

पंचांगात घटी-पळांत दिलेली वेळ घड्याळात कशी आणायची?

घटी-पळे स्थानिक सूर्योदयापासून मोजतात. घटींना 24 मिनिटांनी आणि पळांना 24 सेकंदांनी गुणा आणि ते सूर्योदयात मिळवा. उदाहरणार्थ, सूर्योदय 6:30 आणि वेळ 15 घटी 20 पळे. 15 घटी म्हणजे 6 तास, 20 पळे म्हणजे 8 मिनिटे, म्हणून दुपारचे 12:38. पंचांग कोणत्या गावच्या सूर्योदयावर केले आहे ते आधी पाहा, दुसऱ्या गावचा सूर्योदय धरला तर सगळे गणित तेवढ्याने सरकते.

यांत्रिक घड्याळ मुळात चालते कसे?

शक्ती देणारे वजन किंवा स्प्रिंग, ती पुढे नेणारी दातेरी चाके, आणि ती शक्ती एकदम सुटू न देता एकेक दात सोडणारी यंत्रणा, म्हणजे एस्केपमेंट. टिकटिक ऐकू येते ती हिचीच. युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस अशी घड्याळे आली, पण ती दिवसाला पाव तास इकडेतिकडे व्हायची. कारण वेग ठरवणारा आडवा दांडा स्वतःच्या लयीत झुलत नसे, त्याला ढकलणाऱ्या जोरावर तो अवलंबून असे. 1656 मध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांनी घड्याळाला लंबक जोडला आणि चूक मिनिटांवरून सेकंदांवर आली. लंबकाचा काळ मुख्यतः त्याच्या लांबीवर ठरतो, ढकलण्याच्या जोरावर फारसा नाही, म्हणून हा फरक पडला. 1675 मध्ये त्यांनीच चाकाला केसासारखी बारीक स्प्रिंग लावलेले घड्याळ पुढे आणले, त्यामुळे घड्याळ खिशात नेण्याजोगे झाले.

जहाजावर मात्र लंबक कामाचा नाही. समुद्रात रेखांश काढायला बंदरातली वेळ बरोबर न्यावी लागते. वेळेत 4 मिनिटांची चूक म्हणजे रेखांशात 1 अंशाची चूक. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने आयुष्य खर्ची घालून 1759 मध्ये एच-4 हे मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे यंत्र पुरे केले आणि तो प्रश्न सोडवला. घड्याळांच्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोठे वाटणारे काम हेच.

लंडनमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ मुंबईत मागे पडते, हे खरे का?

अगदी खरे. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण विषुववृत्ताकडे थोडे कमी होते, त्यामुळे लंबक सावकाश झुलतो. लंडनमध्ये सेकंदाचा ठोका देणारा लंबक सुमारे 99.4 सेंटिमीटरचा, मुंबईत तो 99.15 सेंटिमीटरच्या आसपास करावा लागतो. अडीच मिलिमीटरचा हा फरक न काढता तेच घड्याळ इथे टांगले तर ते दिवसाला जवळपास दोन मिनिटे मागे पडेल. 1672 मध्ये झाँ रिशे या फ्रेंच खगोलज्ञाला दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमध्ये हाच अनुभव आला होता, आणि पृथ्वी पूर्ण गोल नसल्याचा तो एक पुरावा ठरला.

‘बॉम्बे टाइम’ म्हणजे काय, आणि तो 39 मिनिटांनी वेगळा का होता?

मुंबईचा रेखांश सुमारे 72 अंश 50 मिनिटे पूर्व. भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटांच्या, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर ठरते. फरक 9 अंश 40 मिनिटांचा. अंशाला 4 मिनिटे या हिशेबाने 38 मिनिटे 40 सेकंद. सूर्य मुंबईत तेवढा उशिरा डोक्यावर येतो, म्हणून मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, आणि तो मुंबईच्या साधारण 30 मिनिटे पुढे होता. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजाला मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांच्या विरोधामुळे 1883 मध्ये तो मागे घ्यावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा गिरणी कामगार चिडले, कारण भोंगा तोच असला तरी पहाटे 39 मिनिटे आधी उठावे लागणार होते. महापालिकेनेही आपल्या घड्याळांना बॉम्बे टाइमच ठेवला. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे एका वेळेवर, बाजार आणि महापालिका दुसऱ्या वेळेवर, असा कारभार थेट 1955 पर्यंत चालला. त्या काळातल्या पत्रिकांवर वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ (स्टँडर्ड टाइम, म्हणजे प्रमाणवेळ) छापलेले सापडते ते याचमुळे.

1955 च्या आधीची जन्मवेळ किंवा दस्तऐवजातली वेळ आजच्या हिशेबात कशी धरायची?

हा प्रश्न पत्रिका करणाऱ्यांकडून सर्वांत जास्त येतो आणि यात चुकाही सर्वांत जास्त होतात. या क्रमाने जा:

1. वेळ कोणी नोंदवली ते पाहा. रेल्वे, तारखाते, सरकारी कचेरी असेल तर 1906 नंतर बहुधा स्टँडर्ड टाइम. महापालिकेची नोंद, घरगुती वही असेल तर बॉम्बे टाइमची शक्यता मोठी.
2. बॉम्बे टाइम असेल तर 39 मिनिटे मिळवा. सकाळी 7:10 म्हणजे आजचे 7:49.
3. नोंद 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळातली आणि स्टँडर्ड टाइमची असेल तर एक तास वजा करा. महायुद्धात देशभर घड्याळे एक तास पुढे केली होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे.
4. दोन्ही शक्यता उरत असतील तर त्याच कागदावर किंवा वहीत सूर्योदय, तिन्हीसांजा, अमुक गाडी सुटल्यावर असा काही उल्लेख आहे का ते शोधा. 39 मिनिटांचा फरक अशा उल्लेखाने बहुतेक वेळा सुटतो.

कोणती वेळ धरली आणि किती मिळवले ते पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करतो.

गच्चीवर सूर्यघड्याळ केले तर ते मोबाइलशी का जुळत नाही?

काटा म्हणून लावलेली पट्टी उत्तर दिशेला जमिनीशी 19 अंशांच्या कोनात (मुंबईचा अक्षांश) हवी. ती बरोबर असली तरी वरची 39 मिनिटे राहतातच, शिवाय वर्षभर सूर्य थोडा मागेपुढे होतो. मुंबईत दिवसभरात सूर्य सर्वांत उंच येतो तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी 12:53 च्या सुमारास आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:22 ला. कोणत्याच दिवशी बरोबर 12 ला नाही. 15-16 मे आणि 27-28 जुलैच्या सुमारास त्या क्षणी उभ्या खांबाची सावली पूर्ण नाहीशी होते. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, मे महिन्यातला चुकवू नका.

राजाबाई टॉवरसारखी घड्याळे कशी चालतात?

विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर 280 फूट उंच, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावर 1878 मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि आईचे नाव मागितले. एके काळी त्याच्या घंटांवर 16 धुना वाजायच्या.

मनोऱ्यातल्या घड्याळात शक्ती येते उंचावरून हळूहळू उतरणाऱ्या जड वजनांतून, ठराविक दिवसांनी ती वजने फिरकीने वर चढवावी लागतात. यंत्र एकच असते. त्यातून निघणारे दांडे आणि दातेरी जोड चारही बाजूंचे काटे फिरवतात. म्हणूनच चार बाजूंना चार वेळा दिसल्या तर यंत्राला दोष देऊ नये. बहुतेक वेळा एखाद्या बाजूचा जोड घसरलेला असतो, किंवा कबुतरे काट्यावर बसून त्याला खाली ओढतात. बारीक दुरुस्तीची युक्ती लंडनच्या बिग बेनमध्ये पाहायला मिळते: लंबकावरच्या ताटलीत जुनी एक पेनी ठेवली की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जाते, काढली की तेवढेच मागे.

घरातले लंबकाचे घड्याळ चावी दिली तरी दोन मिनिटांत बंद पडते. काय करावे?

आधी कान लावा. ‘टिक… टक… टिक… टक’ सारख्या अंतराने यायला हवे. ‘टिकटक…… टिकटक……’ असे लंगडत असेल तर घड्याळ मोडलेले नाही, वाकडे टांगलेले आहे. रंगकाम झाल्यावर किंवा घर बदलल्यावर बंद पडलेल्या घड्याळांत हेच कारण सर्वांत जास्त आढळते.

केसचा, म्हणजे घड्याळाच्या लाकडी पेटीचा, खालचा भाग भिंतीवर एखादा मिलिमीटर डावीकडे सरकवा, ऐका. बिघडले तर उजवीकडे. ठोके सारखे झाले की केसच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर पेन्सिलने खूण करा. केस फारच तिरकी दिसत असेल तर ती सरळ टांगा आणि लंबकाला ढकलणारी मागची पातळ दांडी किंचित वाकवा, ज्या बाजूला तळ सरकवावा लागत होता त्याच बाजूला. एका हाताने दांडी वरून धरून दुसऱ्या हाताने वाकवा, नाहीतर पूर्ण जोर वरच्या नाजूक भागावर जातो.

ठोके सारखे असूनही बंद पडत असेल तर लंबक झुलताना पाहा. तो सरळ न झुलता पीळ घेत असेल तर तो ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो ती वाकली किंवा गंजली आहे. पट्टी स्वस्त असते, पण जाडी आणि लांबी जुन्यासारखीच हवी. जुनी फेकू नका, दुकानात बरोबर न्या.

‘जास्त चावी दिल्यामुळे बसले’ असे सर्रास सांगतात. चावी पूर्ण भरल्याने घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांतले तेल वाळून ती एकमेकांना चिकटली की पूर्ण चावी भरूनही शक्ती सुटत नाही. उपाय एकच, सफाई.

तेल कोणते आणि कुठे घालावे?

घड्याळाचेच. खोबरेल तेल कधीही नाही: ते 24 अंशांच्या खाली गोठते, मुंबईच्या जानेवारीतल्या पहाटेलासुद्धा, आणि पितळेवर हिरवा चिकट थर धरते. गंज सोडवणारे फवारेही नकोत. चार दिवस घड्याळ चालते, मग त्यात धूळ बसून चिखल होतो.

तेल जाते चाकांच्या आसांची टोके जिथे यंत्राच्या पुढच्या-मागच्या पट्ट्यांच्या भोकांत फिरतात तिथे, भोकाभोवतीची खोलगट वाटी अर्धी भरेल एवढेच. एस्केपमेंटच्या दोन टोकांना नावाला. चाकांच्या दातांना अजिबात नाही. जुन्या काळ्या तेलावर नवे घालू नका. त्यातली पितळेची बारीक भुकटी नव्या तेलात मिसळून भोके घासते आणि ती लांबट होतात. दर चार-पाच वर्षांनी पूर्ण सफाई पुरते. उघडण्याचे काम कारागिराचे, कारण चावी भरलेली स्प्रिंग मोकळी न करता पट्ट्या सोडल्या तर चाकांचे दात उडतात आणि बोटेही कापतात.

घड्याळ मागे किंवा पुढे जाते. किती फिरवू?

लंबकाखालची चकती वर गेली की वेग वाढतो, खाली आली की कमी होतो. साधारण मीटरभर लंबकात 1 मिलिमीटर म्हणजे दिवसाला 43 सेकंद. भिंतीवरच्या 25 सेंटिमीटरच्या लंबकात तोच मिलिमीटर जवळपास 3 मिनिटांचा. म्हणून लहान घड्याळात अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि दोन दिवस थांबूनच पुन्हा पाहा. एकाच दिवसात चारदा फिरवले की कशाने काय झाले ते कळत नाही.

पोलादी दांडा तापमान 1 अंश वाढले की दिवसाला अर्धा सेकंद मागे टाकतो, पितळी 0.8 सेकंद. मे महिन्यात लावलेले घड्याळ जानेवारीत थोडे पुढे जाणारच.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि स्वयंपाकघराजवळ टांगू नका. लाकडी केस फुगली की दार ओढून उघडावे लागते, घड्याळ हलते आणि ठोके लंगडतात, खुणा तपासा. केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा, महिन्याने बदला.

टोले चुकीचे पडतात. 5 वाजता 8 वाजतात.

जुन्या घड्याळांत खाचांचे एक चाक टोले मोजते. काटे किती वाजले दाखवतात याची त्याला खबर नसते. मिनिटकाटा 12 वर नेऊन टोले पूर्ण पडू द्या, मग तो 12 च्या थोडे मागे (साधारण 8-10 मिनिटे) घ्या आणि पुन्हा 12 वर आणा. प्रत्येक वेळी पुढचा टोला पडेल. जुळेपर्यंत करा. टोले पडत असताना काटा हलवू नका.

दोन चाव्यांच्या घड्याळात उजवी चालण्याची, डावी टोल्यांची. टोल्यांची चावी मुद्दाम न देणारे बरेच आहेत. त्याने घड्याळाचे काही बिघडत नाही.

चोरबाजारातून घड्याळ घेताना काय बघावे?

चावी दोन फेरे द्या आणि सोडा; ती उलटी फिरली तर अडकवणी झिजली आहे. मागून चाके पाहा आणि प्रत्येक आस बोटाने हलवा. भोकात तो डावा-उजवा डुलत असेल तर बुश (झिजलेल्या भोकात बसवायची नवी कडी) बसवण्याचा खर्च धरा. डायलच्या मागे वापरात नसलेली भोके असतील तर यंत्र दुसऱ्या घड्याळातले आहे. केसवर ताजे पॉलिश आणि आत कळकट यंत्र, हे जोडून आले की किंमत पाडून मागा.

जुन्या गजराच्या घड्याळांच्या आणि खिशातल्या घड्याळांच्या काट्यांवर पिवळट-तपकिरी भुकटी असेल तर ती खरवडू नका. ती रेडियमची असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. रेडियम निम्मे व्हायला सुमारे 1,600 वर्षे लागतात.

चावीचे एचएमटी अचानक दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुढे जाऊ लागले.

बहुधा चुंबकत्व. केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, तिची कामाची लांबी कमी होते आणि वेग वाढतो. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ किंवा स्पीकरवर ठेवल्याने होते. दुरुस्तीच्या दुकानात चुंबकत्व घालवायला मिनिटभर लागतो. उगाच सुटे भाग बदलू देऊ नका.

सेलवरचे घड्याळ इतके अचूक कसे?

त्यात क्वार्ट्झचा चिमट्यासारखा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोबर 1 येतो, म्हणून तो निवडला. वॉरन मॅरिसन यांनी 1927 मध्ये पहिले क्वार्ट्झ घड्याळ केले, ते खोलीभर होते. मनगटावर ते आले 25 डिसेंबर 1969 ला, सेको अ‍ॅस्ट्रॉनच्या रूपाने. हा तुकडा 25 अंशांच्या आसपास सर्वांत वेगात असतो. 35 अंशांच्या खोलीत तो महिन्याला सुमारे 9 सेकंद मागे पडतो.

सेकंदकाटा 9 च्या आकड्याजवळ जागच्या जागी उड्या मारत असेल तर सेल संपला आहे. काट्याला वर चढायला सर्वांत जास्त जोर तिथेच लागतो. संपलेला सेल आत ठेवू नका, गळून पत्र्या खातो. अल्कलाइन सेलचा पांढरा थर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा आणि कोरडा करा.

आता खरी वेळ ठरवते कोण?

अणुघड्याळे. 1967 पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या 9,19,26,31,770 कंपनांवर आहे. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. पृथ्वीची गती सारखी नसल्याने 1972 पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालावा लागला, असे 27 झाले. शेवटचा आपल्याकडे 1 जानेवारी 2017 च्या पहाटे 5:29:59 नंतर पडला. ही पद्धत 2035 पर्यंत बंद करायचे ठरले आहे. घरचे घड्याळ लावायला मोबाइलची स्वयंचलित वेळ पुरेशी आहे.

घर बदलताना लंबकाचे घड्याळ कसे न्यावे?

लंबक आधी काढा, वेगळा गुंडाळा. तो आत लटकत ठेवून नेल्यास वरची पट्टी हमखास तुटते. चावी, लंबक आणि काचेच्या दाराची किल्ली एका पिशवीत घालून ती पिशवी घड्याळाबरोबर न ठेवता हातात घ्या. घड्याळ उभेच न्या. नव्या भिंतीवर लांब स्क्रू आणि प्लग वापरा, खिळा नको, कारण चावी देताना दर आठवड्याला त्यावर ओढ बसते. टांगल्यावर पुन्हा कान लावून ठोके जुळवा, जुन्या भिंतीवरचा सरळपणा इथे चालत नाही.